पॅसेजमधली सायकल कोणी वळवली?

आधी स्वतःबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं वाचून मला हसायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. मी रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो. ड्रम, पोती, व्हॉल्व्ह, गॅस्केट... कमी जागेत जास्त माल बसवणं आणि बसवलेला माल जागच्या जागी राहणं, एवढंच माझं आयुष्य. वस्तू आपोआप हलत नाही. हलली, तर ती कोणीतरी हलवलेली असते आणि तो माणूस सापडतो. निडी स्टेशनावरून मध्यरात्री एकटा चालत आलोय, अमावास्येला स्मशानाच्या कडेने बाइक ढकलत नेलीय, कधी काही दिसलं नाही. कंपनीतली पोरं भुताच्या गोष्टी सांगायला लागली की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचो.

हल्ली उठत नाही. ऐकत बसतो.

तर जागा नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ जागेचाच आहे. रोह्यात आमचा दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन आहे. दार उघडलं की हॉल. हॉलमध्ये दिवाण, कपाट, टीव्ही आणि उरलेल्या जागेत आम्ही. हॉलमधून एक पॅसेज सरळ स्वयंपाकघरात जातो. त्याच्या आतल्या टोकाला डाव्या हाताला बाथरूम. पॅसेज इतका अरुंद की मी आणि माझी बायको वैशाली समोरासमोर आलो तर एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो. तो कोण घेतो हे सांगायची गरज नाही.

अशा घरात सायकल आली.

सायकल माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना पेणचे, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. सासूबाई गेल्यापासून कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका मोठ्या मूर्तीचे डोळे करताना ते स्टुलावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधलेला बाप बघून वैशाली इतकी घाबरली की डॉक्टरांशी बोलण्याआधीच तिने त्यांचे कपडे पिशवीत भरले होते.

आता जुन्या माणसांचा लेकीच्या घरी राहण्याबद्दलचा संकोच तुम्हाला ठाऊक असेलच. नानांनी एक अट घातली.

"सायकल येत आसल तर येतो," ते म्हणाले. "लेकीच्या घरी बाप पाव्हणा. पाव्हण्याकडं परतीची गाडी सोताची पायजे."

"नाना, हात मोडलाय तुमचा. सायकल चालवणार कोण?" वैशाली.

"चालवायची कोण म्हनतंय? नुसती आसूंदे."

ती सायकल म्हणजे हल्लीची पोरं पाठीवर टाकून नेतात तसला प्रकार नव्हे. काळी, दांडीची, पूर्ण चेन-कव्हरवाली, मागे कॅरियर, पुढे डायनमोचा दिवा. वजन विचारू नका. खाली पार्किंगमध्ये ठेवायचं म्हटलं तर आमच्या सोसायटीच्या चेअरमनांनी स्कूटरलाच जागा नाही म्हणून हात वर केले. जिन्याखाली पावसाळ्यात पाणी साचतं. मग आणली वर.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये ठेवली, तर टीव्ही चाकाच्या तारांमधून बघावा लागला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात. तिथे पेडल वैशालीच्या पोटरीला लागलं आणि सिलिंडर बदलायला आलेला माणूस "आधी ही काढा" म्हणून निघून गेला. बाल्कनीत ठेवली तर कपडे कुठे वाळत घालणार? हँडलवर. तेही करून पाहिलं; नानांचं धोतर चाकाच्या तारांत गुंतलं. शेवटी वैशाली मला म्हणाली, "कंपनीत एवढे ड्रम रचता ना? मग एक सायकल ठेवता येईना?"

हे मात्र मला झोंबलं.

मी टेप घेऊन सगळं घर मोजलं. मग फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडून लोखंडाचे दोन भक्कम ब्रॅकेट करून घेतले आणि पॅसेजच्या भिंतीत छातीच्या उंचीवर ठोकले. त्यावर सायकलची दांडी टेकवायची की सायकल भिंतीला चिकटून लटकते, आणि खालून चपलांचा स्टँडसुद्धा सरकतो. हँडल एका बाजूला असतं ते मी आत, स्वयंपाकघराच्या दिशेने घेतलं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मारण्यापेक्षा घरच्या माणसाला मारलेलं बरं. सायकल पॅसेजच्या लांबीत अशी बसली जणू पॅसेज तिच्यासाठीच बांधला होता. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं — म्हणजे हॉलमध्ये जाऊन, मागे जायला पॅसेजमध्ये जागा कुठली — आणि मला खरंच अभिमान वाटला.

नाना दिवाणावर बसून बघत होते. म्हणाले, "जावईबापू, हिचं तोंड भिंतीकडं केलंत."

"भिंतीकडे नाही नाना, स्वयंपाकघराकडे आहे."

"दाराकडं नाय ना? मग झालं. दिवा हाय तिला. डोळा हाय."

मला काही कळलं नाही. वैशालीने मला आत नेऊन समजावलं. ती कारखान्यात खेळून मोठी झालेली. तिथेही जागेची अशीच मारामार. फळ्यांवर, जमिनीवर, माळ्यावर गणपतीच गणपती. मूर्ती अर्धवट असेपर्यंत तिचं तोंड कुठेही असलं तरी चालतं. पण डोळे झाले की तोंड दाराकडे. एक तर घेऊन जाणाऱ्याला कळतं की ही तयार आहे. दुसरं म्हणजे नाना म्हणतात, "ज्याला दिसाया लागलं त्याला भिंतीकडं तोंड करून उभं नाय करायचं." आणि एकदा तोंड दाराकडे झालं की ती मूर्ती परत आत वळवत नाहीत. ती आता जाणारी.

"पण ही सायकल आहे," मी म्हणालो.

"ते मला कळतंय. त्यांना सांगा."

मी सांगितलं नाही. जावई झालो म्हणून काय झालं, सासऱ्याशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

दिवस जात होते. नानांना करमत नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. डाव्या हातात पेन घेऊन ते मिळेल त्या वस्तूवर डोळे काढायचे. वैशालीने भाजीसाठी फ्रिजमधून वांगी काढली तर दोन वांगी तिच्याकडे बघत होती, तीही तिरळी. माझ्या हेल्मेटला मागून डोळे आले. समोरच्या फ्लॅटमध्ये हमीदाभाभी राहतात, त्यांचे मिस्टर कतारला असतात. त्यांनी आमच्याकडे पाठवलेला भोपळा दुसऱ्या दिवशी परत बघून विचारलं, "वैशाली, हा माझा भोपळा मला वळखतो काय गो?" सगळे हसलो. नाना हसले नाहीत. डाव्या हाताने बरोबर येत नाही म्हणून त्यांना राग येत होता.

वैशालीच्या मनात मात्र पक्कं झालं होतं. नाना आता पेणला जायचे नाहीत. पुन्हा पडले तर? तिथे बघणारं कोण? त्यांना न विचारताच तिने त्या खोलीच्या मालकाला फोन केला — महिनाअखेर खोली रिकामी करतो, सामान घेऊन जाऊ. तिचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण चुकत होतं असं वाटत नाही. तिला बाप हवा होता. नाना दिवाणावर बसून ऐकत होते. काहीच बोलले नाहीत. लेकीच्या घरी बापाने जास्त बोलू नये, हीसुद्धा त्यांचीच शिकवण.

हा फोन सकाळी झाला. त्याच दुपारी पहिली शिफ्ट संपवून मी घरी आलो, दार उघडलं, पॅसेजमध्ये शिरलो, आणि हँडल बरगडीत बसलं.

मी कळवळलो. मग थांबलो. हँडल इथे कसं? ते तर आतल्या टोकाला असायला हवं. बघतो तर सायकल उलटी. तोंड दाराकडे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, वळवली असेल कोणीतरी. तीच तर मजा आहे. पॅसेजमध्ये सायकल वळतच नाही! सायकल लांब, पॅसेज अरुंद. वळवायची तर ब्रॅकेटवरून उचला, हॉलमध्ये आणा, दिवाण भिंतीला सरकवा, मुख्य दार सताड उघडा, पुढचं चाक बाहेर जिन्यावर काढा, तिथे तिला मागच्या चाकावर उभी करून फिरवा आणि परत तेच सगळं उलट. हे मला नक्की माहीत आहे, कारण तिला पूर्ववत करताना मी, वैशाली आणि मदतीला आलेल्या हमीदाभाभी अशा तिघांनी हेच केलं. त्यात आमची डोअरबेल निखळली, चेअरमनांची तुळस थोडक्यात वाचली, आणि माझी कंबर आठवडाभर बोलत होती.

"नाना, तुम्ही वळवलीत?" मी विचारलं.

नानांनी गळ्यातला प्लास्टरचा हात किंचित वर केला. उत्तर मिळालं.

मला वैशालीचा संशय आला. वैशालीला माझा. "तुम्हाला विनोद सुचतात ते मला माहीत आहे," ती म्हणाली. मला! ज्याच्या विनोदावर कंपनीत कोणी हसत नाही त्याला! मग आम्हा दोघांना हमीदाभाभींचा आला, कारण आमची जास्तीची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांना कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी एकटीनं ती उचलली आसती तर नवऱ्याला कतारला कशाला पाठवलं आसतं? मीच गेली आसती."

मुद्दा बरोबर होता. तरी मी हार मानणारा नव्हतो. कंपनीत ड्रमवर लावतो तसं नंबरचं प्लास्टिक सील आणलं. ते एकदा ओढलं की तोडल्याशिवाय निघत नाही. सायकलची दांडी आणि ब्रॅकेट मिळून सील मारलं. नंबर तळहातावर लिहिला. जास्तीची किल्ली भाभींकडून मागून घेतली. शिवाय पॅसेजमध्ये आडवा स्टूल, त्यावर पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास. वैशाली म्हणाली, "हे सगळं मी आवरणार आहे, लक्षात असू द्या."

त्या रविवारी भाभींच्या भाच्याच्या साखरपुड्याचं जेवण होतं, त्यांच्याच घरी, म्हणजे आमच्या दारासमोर. आम्ही तिघंही गेलो. कुलूप मी लावलं, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. भर दुपार, दोन्ही बाजूंची दारं समोरासमोर, जिन्यावर चपलांचा ढीग आणि माणसांची ये-जा. मी मुद्दाम अशा खुर्चीत बसलो की आमचं दार दिसावं. बिर्याणी उत्तम होती, पण अर्धं लक्ष कुलपावर. नाना माझ्या शेजारी डाव्या हाताने जेवत होते. दाराजवळ कोणी गेलं नाही.

परत आलो. कुलूप उघडलं. स्टूल जागेवर. ग्लास भरलेला, थेंब सांडला नव्हता. सील जागच्या जागी, नंबर तळहाताशी जुळवला, तोच. फक्त त्या सीलच्या आतली सायकल उलटी होती. तोंड दाराकडे.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडे वासे जागेवर होते, सायकल फिरली होती. माझी पाचावर धारण बसली, आणि ते लपवायला मी तो ग्लासभर पाणी पिऊन टाकलं.

वैशाली मात्र सायकलीकडे बघून मटकन दिवाणावर बसली. तिचा चेहरा बघून मी माझी भीती विसरलो.

"नाना तयार झाले," ती म्हणाली.

"कुठे?"

ती रडायलाच लागली. "दोनदा दाराकडं तोंड झालं. कारखान्यात तोंड दाराकडं झालं की ते राहत नाय, जातं. नाना जाणार..."

मी नानांकडे बघितलं. वाटलं, ते म्हणतील की काय वेड्यासारखं बोलतेस. पण तेही त्याच कारखान्यातले ना! त्यांनी सायकलीकडे बराच वेळ बघितलं, मान हलवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "व्हय. तसंच दिसतंय."

मग दोनेक दिवस आमच्या घरात जे चाललं ते कोणावर येऊ नये. नाना तयारीला लागले. डॉक्टरांनी बीपीमुळे सुकी मच्छी आणि लोणचं बंद केलं होतं, ते सुरू झालं. "आता कशाला पथ्य?" सकाळी सुक्या बोंबलाची चटणी, दुपारी ओले बोंबील, संध्याकाळी पुन्हा "जरा जवळा परत गो." वैशाली डोळे पुसत पुसत तळत होती. जाणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? घरात इतका मच्छीचा वास की वरच्या मजल्यावरची मांजर आमच्या दाराशी मुक्कामाला आली. मधेच नाना तिला हाक मारून सांगायचे, "बारीक ब्रश तुझ्या आयच्या डब्यात हायत. कारखान्याच्या मालकाला देऊ नको, तो शेंदूर फासायला वापरंल." आणि मला, "जावईबापू, ब्रॅकेट चांगलं केलंत हां. माझ्या माघारी काढू नका."

मला हसूही येत होतं आणि रात्रपाळीला जायची भीतीही वाटत होती. काय माहीत... कावळा बसायला आणि फांदी तुटायला! मी शिफ्ट बदलून घेतली. हो, मी. ज्याचा विश्वास नव्हता तो.

तिसऱ्या दिवशी हमीदाभाभी वाटी परत द्यायला आल्या. वैशालीचे सुजलेले डोळे बघून त्यांनी विचारलं आणि तिने सगळं सांगितलं, मूर्ती, डोळे, दाराकडे तोंड, सगळं. भाभींनी वाटी ठेवली, पॅसेजमध्ये गेल्या, सायकल आपादमस्तक न्याहाळली, आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय गो वैशाली, हिचं तोंड कुठं हाय?"

"दाराकडं."

"दाराकडं ना? वर तर नाय? अल्लाकडं जायचं आसतं तर मागच्या चाकावर उभी रायली आसती! दाराच्या बाहेर काय हाय? जिना. जिन्याखाली? रस्ता. तो रस्ता नागोठण्यावरून कुठं जातो?"

वैशाली माझ्याकडे बघायला लागली, मी नानांकडे.

"पेनला जातो," भाभींनी स्वतःच सांगितलं. "म्हातारा मरत नाय. म्हाताऱ्याला घरी जायचंय. दोन दिवस त्याला बोंबील घालताव, एकदा तरी विचारलंत काय, बाबा तुला पायजे काय?"

वैशाली नानांकडे वळली. नानांच्या ताटात अर्धा बोंबील होता. त्यांनी तो ठेवला.

"नाना... तुम्हाला पेणला जायचंय?"

नाना आधी नाही म्हणायला गेले. मग सगळं बाहेर आलं. "खोली सोडली ना गो तू. मी काय बोलनार? तुझं घर, तुझं राज्य. तू मायेनं करतस ते मला कळत नाय काय? पन मी हितं सकाळपासून भिंतीकडं तोंड करून बसलोय. आषाढात कारखान्यात शेकडो मूर्ती आंधळ्या उभ्या रातील आनी मी हितं वांग्याला डोळे काढू? मला जगायला जायचंय गो. मराया नाय."

वैशाली त्यांच्या पायाशी बसून पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. मग तिने डोळे पुसले आणि पहिली गोष्ट काय केली तर समोरचं बोंबलाचं ताट उचललं. "मरायचं नाय ना? मग बीपीचं पथ्य चालू."

नानांनी जाणाऱ्या ताटाकडे ज्या नजरेने बघितलं, ती कोणत्याही मूर्तीला देऊ नये अशी होती.

खोलीच्या मालकाला तिने त्याच दिवशी पुन्हा फोन करून खोली ठेवायला सांगितली. प्लास्टर निघालं. पहिल्या आठवड्यात हात थरथरत होता. नाना तासन् तास वर्तमानपत्रावर डोळे काढत बसायचे आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. हळूहळू डोळे सरळ बघायला लागले. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर अटी ठरल्या. स्टुलावर चढायचं नाही, मोठ्या मूर्ती दुसऱ्याने करायच्या, रोज फोन. वैशाली आणि नाना गाडीने गेले, मी ओळखीच्या टेम्पोत सायकलीबरोबर. कासूच्या पुढे खड्ड्यात टेम्पो एवढा आदळला की मी आणि सायकल दोघंही हललो. तिने तोंड मात्र पेणकडेच ठेवलं. अर्थात मी तिला तशीच बांधली होती. हे बोलाफुलाला गाठ म्हणून सोडून द्या.

कारखान्यात सीझनला मुंगीला जागा नसते. नानांची सायकल माळ्याच्या वाशाला टांगली, तोंड मागच्या भिंतीकडे. मी मुद्दाम विचारलं, "नाना, भिंतीकडे तोंड?"

"आता रायचंय तिला हितं. जायचं कुठं हाय?"

त्या सीझनला नानांनी डोळे केलेले गणपती कुठे कुठे गेले देव जाणे. आमच्या घरचा त्यांनीच केला. त्याच्या डोळ्यांत किंचित मिश्किलपणा आहे असं वैशाली म्हणाली. माझ्या हेल्मेटला होते तसेच, असं मला वाटलं.

मी दर आठवड्याला फोनवर विचारायचो, सायकलीचं तोंड कुठे आहे? "भिंतीकडं," ते म्हणायचे. इकडे मी मोकळ्या ब्रॅकेटवर फळी टाकून चपला ठेवायला सुरुवात केली होती. रिकामी जागा मला बघवत नाही. वैशालीलाही बघवत नव्हती, पण कारण वेगळं होतं. येता-जाता ती त्या भिंतीला हात लावायची.

गणपती गेले. कारखान्याच्या फळ्या मोकळ्या झाल्या. एका सकाळी मी ड्युटीला निघालो होतो आणि नानांचा फोन आला.

"जावईबापू... ती वळली."

"कोण?"

"कोन म्हंजे? माळ्यावरची. दाराकडं तोंड करून हाय."

"नाना, तुम्हीच..."

"स्टुलावर चढायचं नाय म्हनून लेकीनं शपथ घातलीय मला. मी कशाला चढतोय?" मग घसा खाकरून म्हणाले, "बरं, तिला सांगा, चार दिस येतो. ताजे बोंबील मिळतात का बघ म्हनावं. ताजे. सुके नाय, पथ्य पाळतो म्हनावं."

मी बूट न काढताच फळी उतरवली आणि चपला खाली ओतल्या.

नाना आले, सायकल आली. या वेळी मी शहाणपणा केला. तोंड पहिल्यापासून दाराकडेच ठेवलं. पाहुण्यांच्या बरगड्यांचं जे व्हायचं ते होवो. नानांना जेव्हा जायचं असेल तेव्हा गाडी तयार. नानांनी बघितलं, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आणि वैशाली मच्छी मार्केटला गेले. घरात मी एकटा. दाराला आतून कडी. मी आंघोळीला गेलो. दोन तांबे अंगावर घेतले असतील-नसतील, टॉवेल गुंडाळून बाथरूमचं दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं... हँडल बरगडीत.

त्याच बरगडीत!

तोंड आत होतं. स्वयंपाकघराकडे. मी तसाच ओल्या अंगाने दाराकडे धावलो. कडी जागेवर. हॉलमधला दिवाण जागेवर. पॅसेजमध्ये माझ्याच ओल्या पावलांशिवाय काही नाही. मग मी दिवाणावर टॉवेलमध्ये बसून राहिलो आणि ती मंडळी येईपर्यंत सायकलीकडे पाठ केली नाही.

नाना पिशवी घेऊन आत आले. सायकल बघून थांबले.

"नाना," मी म्हणालो, "दाराकडे तोंड झालेलं परत आत वळत नाही, असं तुमच्या कारखान्यात म्हणतात ना?"

"ते मूर्तीचं. ही सायकल हाय."

"आणि आता तोंड भिंतीकडे..."

"भिंतीकडं कुठं हो?" नाना माझ्यावरच डाफरले. "स्वयपाकघराकडं हाय."

आत वैशालीने पिशवी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नानांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आधी ती त्यांच्या पिशवीतच असायची. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "वैशू, चार दिस नाय, दिवाळीपतूर रायलो तर चालल काय गो?"

बोंबील साफ करता करता ती मधेच नाक ओढत होती, एवढं ऐकू आलं.

तर असं आहे. कोणी वाचणाऱ्यांपैकी इंजिनिअर असतील, भूमितीवाले असतील, त्यांनी जरूर कळवावं. पॅसेजचं माप देतो, सायकलचं देतो, सील अजून सायकलच्या दांडीवरच आहे, न तुटलेलं. पेणला नेताना मित्राने ब्रॅकेट कापून सायकल सोडवली आणि ते पुन्हा जोडून दिलं. मी स्वतः टेप घेऊन अनेकदा मोजून बघितलंय. वळत नाही. वळूच शकत नाही.

नाना आता सीझनला पेणला असतात, सीझन संपला की रोह्याला. कधी निघायचं आणि कधी राहायचं हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही. सकाळी उठलो की मी आधी पॅसेजमध्ये डोकावून सायकलीचं तोंड बघतो आणि मगच चहा टाकतो. उद्यापासून दोन कप की तीन, हे तिथेच कळतं.